ग्रह क्रमांक सतराला, उलट टपाली

प्रयोगाच्या दिवशी सकाळी सगळ्या कलावंतांचे मोबाइल बंद करून एका पिशवीत जमा करावेत, असा लेखी आदेश मी काढला, आणि ती पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवून मीच गावाला निघून गेलो.

पिशवी साडीच्या दुकानाची, कापडी. आत आठ मोबाइल. त्यातला एक माझा. नाटक यवतमाळच्या नाट्यगृहात, मी आर्णीच्या वाटेवर, आणि ज्यांना फोन करून काही सांगायचं ते सगळे माझ्या गुडघ्यांपाशी लोंबकळत होते.

आदेश काढणारा मी कोण, तेही सांगून टाकतो. आर्णीतल्या एका शाळेत मी मोठा बाबू आहे. आवक, जावक, सेवापुस्तकं, दाखले. लोक मला बाबूजी म्हणतात, आणि हाक मारली की काहीतरी सही पाहिजे असते. पण मागच्या वर्षी चार महिने मी आकाशगंगा शासनाचा अध्यक्ष होतो. माझ्या ताब्यात चाळीस ग्रह होते आणि दर ग्रहावर एक ग्रहपाल. राज्याला राज्यपाल, तसा ग्रहाला ग्रहपाल. हा शब्द मी स्वतः तयार केला, आणि त्या आनंदात त्या दिवशी जेवताना वरणात दोनदा मीठ टाकलं.

नाटकही मीच लिहिलेलं. जिल्ह्याच्या एकांकिका स्पर्धेत आमचं मंडळ दरसाल उतरतं आणि दरसाल सहभागाचं प्रमाणपत्र घेऊन परत येतं. हुंडा झाला होता, दारू झाली होती, दोन भावांच्या मधली भिंत तीनदा झाली होती. या वर्षी मी बैठकीत उठून म्हटलं, आता खाली काही उरलं नाही, आपण वर जाऊ. मंडळी इतकी उसळली की चहा गार झाला. आमच्यात एक वेल्डर आहे. बसस्टँडच्या मागं त्याचं दुकान, आमचं सगळं नेपथ्य तोच जोडतो, आणि जोडून झालं की एखादी भूमिकाही करतो. त्यानं लगेच खिशातून खडू काढला.

"बाबूजी, रॉकेट करू?"

"रॉकेट नको. कचेरी कर."

"आकाशात कचेरी?"

"सरकार म्हटलं की कचेरी आली."

त्यानं खडू परत खिशात ठेवला. पण मी खरंच तसंच लिहिलं होतं. तीस वर्षं जावक क्रमांक टाकणाऱ्या माणसाच्या डोक्यातून जशी आकाशगंगा निघेल तशीच निघाली. कथा अशी. ग्रह क्रमांक सतरा. तिथं हवा तयार करणारं यंत्र बिघडतं. सतरा दिवस पुरेल एवढीच हवा उरते. राखीव हवेची एक लोखंडी कोठी आहे, पण तिला केंद्राचं कुलूप आणि केंद्राची लाख. अध्यक्षांच्या लेखी आदेशाशिवाय ती उघडायची नाही. ग्रहपाल केंद्राला विनंतीपत्र लिहितो, वाट पाहतो, तीनदा हुंदका देतो. केंद्राचं उत्तर येतं: धीर धरावा, सविस्तर अहवाल उलट टपाली सादर करावा. म्हणजे हे पत्र हातात पडल्याबरोबर तो निघाला पाहिजे. अहवाल जातो. शेवटी स्वतः अध्यक्ष अवतरतात, चांदीच्या झग्यात, हातात राजमुद्रा घेऊन. कोठी उघडतात आणि अकरा मिनिटं बोलतात. अध्यक्ष मी.

ग्रहपालाचं काम मी कंडक्टरताईंना दिलं. त्या आर्णीच्या बसवर कंडक्टर. दहा वर्षं आमच्या मंडळात, पण दहाही वर्षं विंगेत, हातात संहिता धरून. आमच्यातला कोणी अडला की त्या आतून वाक्य पुरवत, आणि आमच्यातला कोणीतरी सारखा अडलेलाच असायचा. कोणाचं काम त्यांना पाठ नाही, असं झालं नाही. मग काम का देत नव्हतो? मंडळात विचाराल तर सगळे म्हणतील, मग वाक्य कोण सांगेल? या वर्षी त्यांची पांढरकवड्याकडे बदली आली. प्रयोगानंतर महिनाभरात तिकडं रुजू व्हायचं होतं. तालमींना वेळ मिळावा म्हणून त्या तीन महिने सुट्ट्या बदलून घेत होत्या. आमच्यासोबतचं त्यांचं हे पहिलं काम, आणि शेवटचंही. मलाच थोडी लाज वाटली आणि मी ग्रहपालाचा पुरुष काढून बाई केली. तीन हुंदके तसेच ठेवले.

पहिल्याच तालमीत त्यांनी संहिता मिटून मांडीवर ठेवली.

"बाबूजी, एक विचारू का?"

"विचारा ना ताई."

"हा सतरा नंबरचा ग्रह किती लांब हाय?"

"अकरा प्रकाशवर्षं." हा आकडा मी मोठ्या कौतुकानं घातला होता.

"म्हणजे आपली चिठ्ठी तिथून निघाली का पोचाले अकरा वर्षं."

"हाव."

"अन् उत्तर याले?"

मी बोटं मोजली. "अकरा."

"बावीस झाले. अन् हवा सतरा दिवसाची. मंग तुमची ग्रहपाल हुंदके कायले देऊन राह्यली? मेली नाही का थे?"

वेल्डर इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. मी म्हटलं, हा बारीकसा तांत्रिक मुद्दा आहे, बघतो. दुसऱ्या दिवशी शाळेत टपाल नोंदवताना तोडगा सुचला आणि मी धावतच तालमीला गेलो. विनंतीपत्रावर 'अति तातडीचे' असा लाल शिक्का मारायचा. तातडीचं पत्र निम्म्या वेळात पोचतं.

"प्रकाशाले शिक्का वाचता येते का, बाबूजी?" वेल्डर म्हणाला.

कंडक्टरताई हसल्या नाहीत. त्यांना त्या बाईची काळजी लागली होती. चहाच्या वेळी त्यांनी एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी, केळापूरकडच्या आतल्या रस्त्यावर त्यांची बस होती. नाल्याच्या पुलावरून पाणी गेलेलं. पलीकडं घरं दिसतात, प्रवासी म्हणतात काढा, ड्रायव्हर म्हणतो तुम्ही सांगा. मोबाइलला रेंज नाही. ताईंनी पाण्याकडं पाहिलं, डबल बेल दिली आणि गाडी मागं फिरवली. अलीकडच्या गावात शाळा उघडायला लावली, चाळीस माणसं तिथं बसवली, गावानं पिठलं-भाकर आणली.

"नंतर साहेबांनी विचारलं, कोनाले विचारून गाडी फिरवली? मी म्हटलं, पाण्याले."

"मग?"

"मंग काय, थेही हसले. बाबूजी, गाडी सुटली का डेपो मागं राह्यते. पुढं जे होईन थे गाडीत होईन. तुमची ग्रहपाल कोठीपाशी उभी हाय, मानसं तिच्या डोळ्यापुढं घुसमटून राह्यले, अन् थे पत्र लिहिते. मी अशी नाही उभी राहणार. मी कुलूप तोडन."

"ताई, दर ग्रहपालानं असं आपल्या मनानं ठरवायला घेतलं तर केंद्र कशाला?"

"थेच म्हणून राह्यली मी."

मला राग आला. खरं म्हणजे मला भीती वाटली. ग्रहपालानं कुलूप तोडलं तर अध्यक्षाच्या येण्याला काही अर्थ उरत नव्हता, आणि ती अकरा मिनिटं मी आरशासमोर पाठ केली होती. मी घरी गेलो आणि परिपत्रकं काढायला बसलो. चार महिन्यांत नऊ काढली. सात नंबरचं मोबाइलबद्दल होतं आणि त्याला कारण होतं. आदल्या वर्षी दारूच्या नाटकात मेलेल्या बापाच्या खिशात मोबाइल वाजला होता आणि मेलेल्या बापानं तो उचलून "हॅलो" म्हटलं होतं. मेलेला बाप मी होतो. नऊ नंबरचं असं: 'अध्यक्ष जातीने उपस्थित असल्याखेरीज पडदा उघडू नये. त्यांच्या लेखी मंजुरीविना संहितेतील एकही शब्द बदलू नये.' खाली सही, आणि राजमुद्रेचा ठसा.

ही राजमुद्रा म्हणजे पितळी डब्याचं झाकण. वेल्डरनं त्यावर तार वळवून आकाशगंगा जोडली होती. सगळे तिला जिलबी म्हणत. माझा झगा बायकोनं शिवला होता, कारवर घालायच्या चंदेरी कव्हराच्या कापडाचा. त्याला आतून खिसा होता. त्या खिशात मी कोठीच्या कुलपाची किल्ली ठेवत असे, कारण कोठी खरी होती, कुलूपही खरं होतं आणि किल्ली एकच. केंद्राची.

तर प्रयोगाचा दिवस. डिसेंबरची सकाळ, आमचा क्रमांक तिसरा, साडेबाराचा. मंडळी क्रूझर जीपनं आली. कोठी आत घेतल्यावर जागा उरली नाही, म्हणून मी स्कूटरवर. नऊ वाजता नाट्यगृहाच्या मागच्या व्हरांड्यात मी परिपत्रक सात वाचून दाखवलं आणि पिशवी फिरवली. सगळ्यांनी निमूट मोबाइल टाकले. बायकोनंही टाकला. कंडक्टरताईंनी टाकताना एवढंच विचारलं, "पिशवी कोनापाशी राहीन?" मी म्हटलं, "केंद्राकडे."

मग बायकोनं पत्र्याची पेटी उघडली. झगा नव्हता.

झगा घरी होता. आदल्या दिवशी मीच तो पेटीतून काढला होता, पुन्हा एकदा घालून पाहायला, आणि दारामागं टांगून ठेवला होता. झग्याच्या खिशात किल्ली, झग्यावर अडकवलेली राजमुद्रा.

"झग्याशिवाय करा," बायको म्हणाली.

"शर्टावरचा अध्यक्ष कधी पाहिला का तू?"

"शर्टावरचेच पाह्यले. झग्यातला तुमीच पहिले."

वेल्डर म्हणाला, कुलूप खोटं लावू. कंडक्टरताई म्हणाल्या, "बाबूजी, नका जाऊ. तुमी इथं असले म्हणजे झालं." हे वाक्य मला फार आवडलं आणि मी त्याचा नेमका उलटा अर्थ घेतला. माझ्याशिवाय चालणार नाही म्हणतात, तर मग मी पूर्ण पोशाखातच दिसलो पाहिजे. साडेनऊला निघालो. तासाभराचं अंतर. साडेअकराला परत येतो म्हणून सांगितलं. पिशवी जबाबदारीची, म्हणून सोबत घेतली.

जाणं झकास झालं. घरी पोचलो, झगा काढला. थंडी होती आणि कव्हराचं कापड वारा अजिबात आत येऊ देत नाही, म्हणून तो तिथंच अंगावर चढवला. गळ्यात जिलबी. निघालो. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, तूर फुललेली, आणि मधून मी, चंदेरी. एका बैलगाडीवाल्यानं मला पाहून बैल थांबवले. इतका खूश मी लग्नातही नव्हतो. मोठ्यानं भाषण म्हणत चाललो होतो. "हे ग्रहवासीयांनो, केंद्राला तुमचा विसर पडलेला नाही," एवढं म्हटलं आणि मागचं चाक फुस्स झालं.

फाट्यावर एक पंक्चरवाला होता. त्यानं चाक पाहिलं, मला पाहिलं.

"ट्यूब गेली. नवीन आणा लागते. तासभर."

माझ्याकडं तास नव्हता. मी त्याला माझा नंबर दिला, पिशवी घेतली आणि रस्त्यावर उभा राहून बसला हात केला. बस हळू झाली. ड्रायव्हरनं मला नीट पाहिलं आणि वेग वाढवला. दुसरीनंही तसंच केलं. झगा काढून उभं राहावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. अध्यक्ष रस्त्यात झगा काढत नसतो.

तेव्हा प्रथम मी पिशवीत हात घातला, कोणाला तरी कळवायचं म्हणून. माझा मोबाइल तेवढा चालू होता. परिपत्रक सात अध्यक्षांना लागू नव्हतं. बायकोचा नंबर लावला. बंद. तो बंद असल्याचं मला माहीत होतं, कारण तो माझ्या दुसऱ्या हातात होता. वेल्डर बंद. कंडक्टरताई बंद. स्पर्धेच्या आयोजकांचा नंबर प्रवेश अर्जावर, आणि अर्ज वेल्डरच्या शर्टात. मी रस्त्याच्या कडेला आठ मोबाइल मांडून बसलो होतो आणि एवढ्या मोठ्या जगात बोलायला एक माणूस नव्हता.

शेवटी कापसानं भरलेली एक पिकअप थांबली. पुढं दोन माणसं आधीच होती.

"वर बसा," ड्रायव्हर म्हणाला. "कोन्या पार्टीचे हा?"

"आकाशगंगा शासन. अध्यक्ष."

त्याला काही वावगं वाटलं नाही. "मंग कापसाचं पाहा ना काही."

आणि मी, देवाशपथ सांगतो, तोंडातून निघून गेलं, "ग्रहपालामार्फत प्रस्ताव पाठवा."

"थे कुठं भेटन?"

"नाट्यगृहात. वाट पाहून राह्यली."

कापसावर बसून जाण्यासारखं सुख नाही, पण त्या दिवशी मला ते बोचत होतं. यवतमाळच्या अलीकडं कापसाच्या जिनिंग कारखान्यापाशी आलो आणि गाडी थांबली. पुढं रांग. ट्रॅक्टर, मेटॅडोर, बैलगाड्या, सगळ्यांवर पांढरे ढीग. घड्याळात बारा वाजून पंचवीस. स्पर्धेचा नियम होता, घंटा झाल्यावर दहा मिनिटांत पडदा उघडला नाही तर प्रवेश रद्द. आणि माझं परिपत्रक म्हणत होतं, अध्यक्षाशिवाय पडदा उघडू नये. दोन्ही कागद तिथं, आणि त्यातलं परिपत्रक फिरवू शकणारा एकुलता एक माणूस इथं, कापसावर.

नाटक बुडण्याचं मला तितकं वाटलं नाही, आमची नाटकं अशीतशी बुडतातच. पण दहा वर्षं विंगेत उभी राहिलेली बाई आता रंग लावून पडद्यामागं उभी असेल आणि माझ्या पत्राची वाट पाहत असेल. महिन्याभरात ती पांढरकवड्याला. मी उडी मारली आणि झगा वर धरून पळत सुटलो. रांगेतल्या लोकांनी पळताना मला पाहिलं. कोणी तरी ओरडलं, "अरे, गाडीचं कव्हर उडून चाललं." मी थांबून उत्तर दिलं नाही, यातच माझी अवस्था समजा.

आत काय झालं ते मला नंतर बायकोनं सांगितलं. साडेबाराला घंटा झाली. सगळे एकमेकांकडं पाहू लागले. वेल्डरनं खिशातून परिपत्रक नऊ काढून वाचलं, त्याचा चेहरा पडला. पडदा ओढणारा विचारतो, करायचं का रद्द? कंडक्टरताईंनी वेल्डरच्या हातून तो कागद घेतला. त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, तिकिटाएवढी केली आणि कमरेला खोचली. मग विंगेच्या लाकडी खांबावर अंगठीनं दोनदा वाजवलं, ठक ठक. पडदेवाला बिचारा रोज बसनं येणारा. त्यानं डबल बेल ऐकली आणि दोरी ओढली.

मी बाजूच्या दारापाशी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आतून हसण्याचा आवाज येत होता. मोठा, पुन्हा पुन्हा येणारा. माझ्या नाटकात विनोद नव्हता.

अंधारात आत शिरलो. रंगमंचावर कंडक्टरताई, हातात कागदांचा गठ्ठा. माझी सगळी भाषणं त्या केंद्राची पत्रं म्हणून वाचत होत्या. पाठच होती त्यांना. चढवून नाही, उतरवून नाही, स्टॉपचं नाव सांगावं तशी.

"हे पत्र अकरा वर्षांपूर्वी निघालं. केंद्र म्हणते, 'घाबरू नये. अध्यक्षांचे आपल्याकडे बारीक लक्ष आहे.'"

हशा.

"दुसरं पत्र. 'अहवाल उलट टपाली सादर करावा. विलंब झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल.'"

पहिल्या रांगेतला एक जण खुर्चीवरून पुढं वाकला. ते वाक्य मी डोळ्यांत पाणी आणून लिहिलं होतं.

मग त्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि कोठीकडं पाहिलं. हसणं थांबलं. शास्त्रज्ञ झालेला वेल्डर म्हणाला, "ग्रहपालबाई, किल्ली केंद्रात आहे." हे संहितेत नव्हतं, पण खरं होतं. किल्ली माझ्या झग्यात होती, आणि मी वीस फुटांवर उभा होतो.

"हवा किती उरली?"

"आजची."

"मंग केंद्राले लिहा," त्या म्हणाल्या, "का कुलूप तोडलं. उत्तर आलं का आपल्या पोरायले वाचू द्या. थे राहतीन."

वेल्डरनं आपल्या खऱ्या हत्यारांच्या पिशवीतून मोठा पाना दिला. पहिला घाव. पूर्ण नाट्यगृहात लोखंड वाजलं. दुसरा. आता कोणी श्वास घेत नव्हतं. मीही नाही, आणि मला आठवलं की कुलूप मीच निवडलं होतं, दुकानातलं सगळ्यांत मजबूत. तिसऱ्या घावाला ते तुटून थेट माझ्या पायाशी येऊन पडलं आणि लोकांनी जी टाळी दिली तशी आमच्या मंडळाला आजवर कधी मिळालेली नाही.

इथं शहाण्या माणसानं अंधारात उभं राहावं. मी इतका भारावलो होतो की पायऱ्या चढून सरळ रंगमंचावर गेलो. अंगभर कापूस चिकटलेला, एका हातात जिलबी, एका हातात पिशवी, धापा टाकत. वर गेल्यावर कळलं की सगळे माझ्याकडं पाहत आहेत. अकरा मिनिटांतलं फक्त पहिलं वाक्य आठवलं.

"ग्रहपाल, मी आलो आहे."

कंडक्टरताईंनी वळून पाहिलं. वरपासून खालपर्यंत. त्या दचकल्या नाहीत. सीट भरलेल्या गाडीत शेवटी चढलेल्या माणसाला जागा दाखवावी तसं त्यांनी उघड्या कोठीचं झाकण दाखवलं.

"या. बावीस वर्षं झाले, दमले असान. बसा, हवा घ्या."

नाट्यगृह कोसळलं. आणि त्याच वेळी माझ्या हातातली पिशवी वाजू लागली. वाजतच राहिली.

"घ्या ना," त्या म्हणाल्या. "केंद्राचा असन."

मी घेतला. सवयीनं घेतला, मेलेला असताना घेतला होता तसा. "हॅलो," म्हटलं. पलीकडून पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, गाडी तयार आहे, न्याले कधी येता?" मी तसंच उभ्या जागी म्हटलं, "अहवाल उलट टपाली पाठवा," कारण मला दुसरं काही सुचेना. पडदा पडला.

पडद्यामागं मी कंडक्टरताईंचे हात धरले आणि काय बोललो ते मला आठवत नाही. बायको म्हणते, मी किल्ली त्यांच्या हातात देत होतो आणि रडत होतो. वेल्डर तुटलेलं कुलूप घेऊन सगळ्यांना दाखवत फिरत होता. सगळ्यांनी आपापले मोबाइल पिशवीतून काढून घेतले आणि माझ्याकडं कोणी रिकामी पिशवीसुद्धा राहू दिली नाही.

संध्याकाळी निकाल लागला. स्त्री अभिनयाचं पहिलं बक्षीस कंडक्टरताईंना. त्या रंगमंचावर गेल्या, बक्षीस बगलेत धरलं, अगदी तिकिटांच्या मशीनसारखं, आणि उतरताना वाटेतल्या दोन माणसांना "सरका पुढं" म्हणाल्या. आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. मग परीक्षकांनी पुन्हा माइक हातात घेतला.

"आणखी एक उल्लेख करतो. याच एकांकिकेतले अध्यक्ष. शेवटी येतात, दोनच वाक्यं. पण तो कापूस चिकटलेला झगा, ती धाप, ती वाजणारी पिशवी. कशालाच उपयोगी नसलेला माणूस इतका खरा उभा करणं फार अवघड असतं."

मी उठून वाकून नमस्कार केला. पुन्हा एकदा केला. मग खाली बसून शेजारच्या खुर्चीवर बक्षीस मांडीवर घेऊन बसलेल्या कंडक्टरताईंना म्हटलं, "ऐकलं का ताई?"

"ऐकलं ना," त्या म्हणाल्या. "बाबूजी, थे अॅक्टिंग नव्हती म्हणून सांगून येऊ का त्याईले?"